चौकातील सुवार्ता आणि नियोगी समिती

भर बाजारात सुवार्ता सांगणे निराळे आणि ऐकणाऱ्याच्या दैवतांची निंदा करणे निराळे. वऱ्हाडात हा वाद जुना आहे. अमरावती व अकोला मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कार्याच्या चौकशीसाठी भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. चौकशी चालू असतानाच, ८ मे १९५५ रोजी, अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला. १९५६ च्या अहवालात इतर धर्मांवरील जाहीर टीकेचीही तक्रार होती. अहवालाचे अनेक निष्कर्ष आम्हांस एकांगी वाटतात. ही तक्रार मात्र सर्वस्वी निराधार होती, असे आम्ही म्हणणार नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक जाहीरनाम्यात श्रद्धेची जाहीर शिकवण देण्याचा हक्क मान्य केला. परंतु बळजबरी व अप्रामाणिक मनधरणी, विशेषतः गरीब व अशिक्षितांच्या बाबतीत, वर्ज्य ठरविली.

संविधानाचे कलम २५ धर्मप्रसाराची मुभा देते. त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करविण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली रेव्ह. स्टॅनिस्लॉस खटल्यात ठरविले. धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०२ खाली गुन्हा ठरतात. (जुन्या दंडविधानातील खुनाचे कलम ३०२ ते हे नव्हे.)