हुबाब यांचा प्रश्न: तळ कुठे टाकायचा?

गेल्या महिन्यात सातवीच्या वर्गात 'मजल दरमजल करीत' हा वाक्प्रचार शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, मजल म्हणजे आपली उर्दूतली मंजिलच का?" मी म्हणालो, तीच. उर्दूत येता येता मंजिल म्हणजे गाठायचे ठिकाण, ध्येय झाले. मराठीत मजल म्हणजे एका दिवसाची चाल झाली. इमारतीचा मजलाही त्याच घरातला. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र अगदी साधा आहे: उतरायची जागा. दिवसभर चालून आल्यावर उंटावरून जिथे खाली उतरायचे, सामान सोडायचे, चूल मांडायची, ती मंजिल. आणि आकाशातून वही उतरते तिच्यासाठीही अरबीत हाच धातू आहे, नुजूल.

तास संपला, पण शब्द डोक्यातून जाईना. इस्लामी इतिहासातला एक फार धीट प्रश्न याच धातूच्या दोन अर्थांवर उभा आहे. तो विचारला गेला एका तळावर, आणि विषय होता तळ चुकीच्या जागी पडला आहे का, हा.

वाळवंटात आणि डोंगराळ मुलखात तळाची जागा निवडणे सोपे असेल असे आपल्याला वाटते. मोकळी जागाच जागा, कुठेही तंबू ठोका! प्रत्यक्षात तिथे प्रत्येक चांगल्या जागेत एक खोट असते. अरबस्तानातल्या वादीचेच घ्या. वादी म्हणजे कोरड्या नदीचे पात्र. तळ सपाट, वाळू मऊ, दोन्ही बाजूंना उंचवटा असल्याने वारा अडलेला, कडेला बाभळीसारख्या झाडांची थोडी सावली आणि जळण. खणले तर पाणी लागण्याची शक्यताही तिथेच सर्वांत जास्त. दमलेल्या माणसाला याहून चांगली जागा दिसणार नाही. पण पाऊस दूरच्या डोंगरावर पडतो, इथे थेंबही नसतो, आणि मध्यरात्री पाण्याची भिंत येते. वाळवंटात बुडून मरणे ही म्हणूनच विनोदाची गोष्ट नाही. वर टेकाडावर जावे तर पाणी नाही, जळण नाही, आणि रात्री गार वारा हाडांत शिरतो. उंट पाण्यावाचून काही दिवस काढू शकतो, घोडा काढू शकत नाही. त्यामुळे घोडदळाचे सैन्य विहिरींना बांधलेले असते.

हे ज्ञान अरबांच्या अंगात भिनलेले होते आणि हदीसच्या संग्रहांतही त्याच्या खुणा आहेत. सहीह मुस्लिममध्ये प्रेषित (स.) प्रवाशांना सांगतात, की रात्री मुक्काम कराल तेव्हा वाटेवर करू नका, कारण रात्री तीच जनावरांची आणि सरपटणाऱ्या जीवांची वाट असते. अबू दाऊदच्या संग्रहात आणखी एक बाब आहे. लोक मुक्कामाला उतरले की घळी-ओढ्यांत पांगत, जो तो आपली सोय बघे. प्रेषितांनी (स.) ते नापसंत केले. त्यानंतर लोक इतके जवळ जवळ उतरू लागले, की एकच कापड पसरले तर सगळे झाकले जातील असे म्हटले जाई. मला हे दोन्ही उल्लेख आवडतात, कारण त्यांत धूळ आहे, थकवा आहे, विंचवाची भीती आहे. आपल्याकडच्या जलशांत सीरत सांगताना हीच धूळ आधी झटकून टाकली जाते.

आता बद्र.

हिजरी सन २, रमजानचा महिना, इसवी सन ६२४. मदीनेहून तीनशेच्या थोडे वर माणसे निघाली. सत्तरच्या आसपास उंट, घोडे दोनच. एकेका उंटावर दोघे-तिघे पाळीपाळीने बसत. समोरून मक्केच्या कुरैशांची सुमारे हजारांची फौज येत होती. बद्र हे मदीनेच्या नैर्ऋत्येला, सीरिया आणि मक्का यांच्यामधल्या काफिल्यांच्या वाटेवरचे ठिकाण. भोवती डोंगर आणि वाळूचे उंचवटे, मध्ये विहिरी, आणि वर्षाला भरणारा बाजार. कुरआनच्या सूरह अन्फालमध्ये या रणभूमीचा जणू नकाशाच आहे: तुम्ही खोऱ्याच्या अलीकडच्या काठावर, ते पलीकडच्या काठावर, आणि काफिला तुमच्या खालच्या अंगाला. त्याच सूरहमध्ये आदल्या रात्रीच्या पावसाचाही उल्लेख आहे, ज्याने पावले घट्ट रोवली गेली. सीरतकार खुलासा करतात, की मुसलमानांच्या बाजूची वाळू पावसाने दबून टणक झाली आणि कुरैशांच्या बाजूला चिखल झाला.

सैन्य बद्रच्या पहिल्याच पाण्याजवळ थांबले. मदीनेच्या खजरज कबिल्यातले हुबाब इब्ने मुंजिर (रजि.) पुढे आले. त्यांनी विचारले, की ही मंजिल अल्लाहने आपल्याला उतरवून दिलेली आहे का, म्हणजे आम्हाला इथून पुढे किंवा मागे सरकता येणार नाही. की हे आपले मत आहे, लढाईचा डावपेच आहे? अरबी वाक्यात 'मंजिल' आणि 'उतरवणे' हे शब्द शेजारी शेजारी येतात. तळ उतरला आहे हे दिसतेच आहे, पण तो वहीसारखा उतरला आहे का, एवढेच त्यांना हवे होते. प्रेषितांनी (स.) उत्तर दिले, की हे मत आणि डावपेच आहे. त्यावर हुबाब म्हणाले, की मग ही जागा बरोबर नाही. शत्रूच्या सर्वांत जवळच्या विहिरीपाशी जावे, तिच्या मागच्या विहिरी बुजवाव्यात, आणि आपल्यासाठी एक हौद बांधून पाण्याने भरून घ्यावा. आपण पिऊ, त्यांना मिळणार नाही.

तळ त्याच रात्री हलला.

विहिरी बुजवण्याचा भाग वर्गात सांगताना मी अडखळतो. मराठवाड्यातल्या मुलांना पाणी तोडणे म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. एकदा एका मुलाने सरळ विचारले, "सर, हे बरोबर होतं का?" युद्धात पाणी हे शस्त्र असते, हे खरे उत्तर आहे, पण ते सांगून मला समाधान होत नाही. इब्ने इसहाक यांच्या सीरतमध्ये पुढचा तपशील येतो. कुरैशांची काही माणसे त्या हौदावर पाणी प्यायला आली. त्यांना अडवू नका, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. त्यांत हकीम इब्ने हिजाम होते, जे पुढे मुसलमान झाले. दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत. मी मुलांना दोन्ही सांगतो आणि थांबतो.

आता सनदेबद्दल. हुबाब यांचा प्रसंग इब्ने इसहाक यांनी दिला आहे, पण आपण तो बनू सलमाच्या काही माणसांकडून ऐकला एवढेच ते म्हणतात. नावे देत नाहीत. त्यामुळे हदीसशास्त्राच्या कसोटीवर ही सनद कमजोर ठरते, आणि काही विद्वानांनी तसे स्पष्ट लिहिले आहे. बनू सलमा हे हुबाब यांचेच घराणे. आमच्या माणसाने बद्रला सल्ला दिला होता, हे त्यांच्या ओट्यावर पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले असणार. पण माझे लक्ष दुसरीकडे जाते. आठव्या शतकातल्या इब्ने इसहाक यांच्यापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत बाराशेहून अधिक वर्षे हा किस्सा मुसलमानांनी स्वतः लिहिला, शिकवला. एक साधा सैनिक प्रेषितांना विचारतो, की हे अल्लाहचे की आपले, आणि उत्तरानंतर म्हणतो, मग हे बरोबर नाही. यात कुणाला बेअदबी दिसली नाही. उलट हुबाब यांना 'रायवाले', सल्ल्याचा माणूस, असे नाव पडले. वाकिदी यांच्या मगाजीत ते पुन्हा भेटतात, इसवी सन ६२८ मध्ये, खैबरच्या वेढ्यात. तिथे तळ खजुरीच्या बागांमध्ये, ओलसर जमिनीवर आणि किल्ल्यावरच्या तिरंदाजांच्या टप्प्यात पडला होता. हुबाब पुन्हा तेच विचारतात आणि तळ पुन्हा हलतो.

आज आपल्या मोहल्ल्यात मशिदीच्या कमिटीसमोर हा प्रश्न विचारून बघा: हा दीनचा हुकूम आहे की तुमचे मत? मुलींच्या शाळेची वेळ असो, कब्रस्तानच्या भिंतीचे कंत्राट असो. मी एकदा विचारला होता. उत्तराऐवजी माझ्या ईमानची चौकशी झाली. असो.

बद्रच्या उलट टोकाला मला हित्तीन दिसते. साल ११८७, जुलैचा पहिला आठवडा, पॅलेस्टाईनचा डोंगराळ, उन्हाने वाळलेला मुलूख. क्रुसेडरांचा राजा गी सफ्फूरियाला तळ देऊन होता. तिथे झरे भरपूर. सलाहुद्दीन अय्यूबीने सरोवराकाठच्या तबरिया शहराला वेढा घातला, तो मुळात या लोकांना पाण्यावरून उठवण्यासाठी. गढीत त्रिपोलीच्या रेमंडची बायको अडकलेली. आणि तोच रेमंड सभेत सांगत होता, की शहर गेले तर जाऊ द्या, ही जागा सोडू नका. स्वतःचे घर पेटलेले असताना पाण्याजवळच राहा म्हणणाऱ्या माणसाचे ऐकायला हवे होते. सभेने ऐकलेही. पण रात्री टेम्पलरांचा प्रमुख जेरार एकटाच राजाच्या तंबूत गेला आणि पहाटे कूच करण्याचा हुकूम निघाला.

३ जुलैला दिवसभर बाणांच्या वर्षावात चालून फौज पठारावर पोहोचली, तेव्हा पिछाडीला पुढे सरकणेच अशक्य झाले. तिथेच, मस्काना नावाच्या जागी, तळ टाकावा लागला. पाण्याचा थेंब नव्हता. समोर डोंगराच्या उतरणीखाली सरोवर, आणि मध्ये सलाहुद्दीनची फौज. मुसलमानांनी वाळलेले गवत पेटवून दिले. धुराने उरलासुरला घसाही कोरडा झाला. ४ तारखेला हित्तीनच्या दोन शिंगांसारख्या टेकड्यांवर सगळे संपले. कैद झालेल्या राजाला सलाहुद्दीनने आधी थंड पाण्याचा पेला दिला. आपण ही लढाई सलाहुद्दीनच्या तलवारीची म्हणून सांगतो. मला ती एका सभेतला निर्णय रात्रीतून एकाच्या कानगोष्टीने फिरल्याची वाटते.

चांगल्या जागा पुढे कायमच्या झाल्या. कूफ्याहून मक्केला जाणारी हज यात्रेची वाट हे त्याचे उत्तम उदाहरण. खलिफा हारून रशीदची बेगम जुबैदा हिने या वाटेवर विहिरी आणि मोठाले हौद बांधायला पैसा दिला, म्हणून वाटेचे नावच दर्ब जुबैदा पडले. एका दिवसाच्या चालीवर एक अशा पन्नासहून अधिक मंजिली. हौदांचे दगडी काठ आजही सौदी वाळवंटात उभे आहेत. राजांनी आपल्या नावाचे मनोरे बांधले. या बाईने लोकांना दर संध्याकाळी पडणारा प्रश्नच सोडवला.

आणि मोगल. तळ टाकण्याचे इतके मोठे खाते दुसऱ्या कुणी चालवले नसेल. जागा निवडण्यासाठी मीर मंजिल नावाचा स्वतंत्र अधिकारी. बादशहाच्या तंबूंचे दोन संच: एकात मुक्काम, दुसरा पेशखाना म्हणून पुढच्या मजलेवर आधीच रवाना. रात्री चुकलेल्याला छावणी सापडावी म्हणून उंच खांबावर आकाशदिवा. आईने अकबरीत या छावणीच्या आखणीची मोजमापे दिलेली आहेत.

एवढे सगळे असताना सन १७०० मध्ये सातारा आणि परळीचे किल्ले घेऊन झाल्यावर औरंगजेबाची छावणी माण नदीवर खवासपूरला पडली. आजच्या सांगोला तालुक्यात. माणदेश म्हणजे दुष्काळी मुलूख, वर्षाचे कितीतरी महिने नदीत नुसती वाळू. छावणी दोन्ही काठांवर आणि कोरड्या पात्रातही पसरली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या डोंगरांत जोराचा पाऊस झाला आणि मध्यरात्री झोपलेल्या छावणीवर लोंढा आला. माणसे, जनावरे, तंबू वाहून गेले. माणच्या कोणत्याही मेंढपाळाला विचारले असते, तर पात्रात मेंढरे बसवत नाहीत हे त्याने सांगितले असते. पण बादशहाच्या मीर मंजिलला मेंढपाळाने काय विचारावे, आणि कसे!

गोंधळ ऐकून ऐंशीच्या पुढचा औरंगजेब उठला, शत्रूच शिरला असे समजून घाईने बाहेर पडताना पाय घसरला आणि उजवा गुडघा निखळला. हकिमांना तो नीट बसवता आला नाही. १७०७ मध्ये मरेपर्यंत तो लंगडतच चालला. दरबाऱ्यांनी त्यावरही तोड काढली. ते म्हणू लागले, की हा तर जग जिंकणाऱ्या पूर्वजाचा, लंगड्या तैमूरचा वारसा आहे.