क्यूबेकचा पूल आणि काम थांबवण्याचा अधिकार

विघ्नहर्त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत पूल कोसळल्याची गोष्ट कशाला, असे कोणी म्हणेल. पण आपल्या मंडळातले निम्मे सभासद रेल्वेत, उरलेले पोलाद कारखान्यात नाहीतर बँकेत. आणि 'नेतृत्व व मूल्ये' या विषयाचे दोन दिवसांचे ट्रेनिंग ज्याच्या वाट्याला आले नाही असा एकही सापडणार नाही. फाईल मिळते, पेन मिळते, चहाबरोबर बिस्किटे मिळतात आणि पडद्यावर नेत्यांचे प्रकार दाखवले जातात. मला त्या तक्त्यांपेक्षा इतिहासातले एखादे प्रकरण जास्त समजते. पुलांवर काम करणाऱ्या माणसाला क्यूबेकचे प्रकरण माहीत असायलाच हवे, आणि ज्याच्या हाताखाली चार माणसे आहेत त्यालाही ते उपयोगी पडेल असे वाटते.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवर, क्यूबेक शहराजवळ रेल्वेसाठी पूल बांधायचा होता. प्रकार कॅन्टिलिव्हरचा. ज्यांनी हावडा पूल पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. दोन्ही बाजूंच्या आधारांवरून सज्जासारखे हात नदीवर पुढे काढायचे आणि मधला तुकडा त्या हातांवर ठेवायचा. १९४३ साली खुल्या झालेल्या आपल्या हावडा पुलाचा मधला गाळा १५०० फुटांचा आहे. क्यूबेकला तो आधी १६०० फूट ठरला होता. १९०० साली तो वाढवून १८०० फूट केला. खांब कमी खोल पाण्यात येतील, बर्फाचा मार कमी बसेल आणि काम लवकर होईल, ही कारणे दिली गेली आणि ती खोटी नव्हती. पण त्याने आणखी एक गोष्ट साधणार होती. स्कॉटलंडच्या १८९० सालच्या फोर्थ पुलाचा १७१० फुटांचा विक्रम मोडणार होता.

ही सूचना होती थिओडोर कूपर यांची. ते त्या काळातले अमेरिकेतले अतिशय नावाजलेले पूल अभियंते. सेंट लुईसच्या ईड्स पुलावर त्यांनी उमेदीच्या काळात काम केलेले. क्यूबेकच्या कंपनीने त्यांना सल्लागार नेमले तेव्हा त्यांनी साठी गाठली होती आणि आयुष्याच्या कारकिर्दीवर हा कळस चढणार होता. कंपनीचे स्वतःचे मुख्य अभियंता एडवर्ड होअर यांनी ३०० फुटांपेक्षा मोठ्या गाळ्याचा पूल कधी बांधला नव्हता. पोलादी कामाचा ठेका पेनसिल्व्हेनियातल्या फिनिक्स ब्रिज कंपनीकडे. ठेकेदार, मालक आणि सरकार, तिघेही शेवटी एकाच माणसाकडे बोट दाखवायचे : कूपरसाहेब बघतील.

थॉमस कार्लाईलने १८४० साली लंडनमध्ये व्याख्याने देऊन मांडले होते की जगाचा इतिहास म्हणजे थोर पुरुषांचा इतिहास. नेतृत्वाच्या पुस्तकांत 'थोर पुरुष सिद्धांत' म्हणून जो पहिला धडा असतो तो इथून येतो. क्यूबेकची कंपनी नकळत याच सिद्धांतावर चालली होती. मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने अधिकाराचे तीन प्रकार सांगितले : परंपरेने आलेला, व्यक्तीच्या प्रभावाने आलेला आणि नियमाने आलेला. कूपर यांचा अधिकार कागदावर तिसऱ्या प्रकारचा होता, प्रत्यक्षात दुसऱ्या. ज्याच्या नावाचाच दबदबा असतो त्याला हिशोब पुन्हा तपासा असे सांगायला कोणी धजत नाही.

एकदा मात्र तसे सांगितले गेले. १९०३ साली कॅनडा सरकारच्या रेल्वे खात्याचे मुख्य अभियंता कॉलिंगवूड श्रायबर यांनी सुचवले की सरकारतर्फे वेगळा अभियंता नेमून नकाशे तपासावेत. कूपर यांना हा अपमान वाटला. असे झाले तर आपण दुय्यम ठरू आणि ते आपल्याला मान्य नाही, असे त्यांनी कळवले. सरकार नमले आणि शेवटचा शब्द कूपर यांचाच राहिला. माझ्या मते पूल कोसळायला सुरुवात झाली ती इथे. पुढच्या सगळ्या चुका दुसऱ्या नजरेत सापडण्यासारख्या होत्या.

सर्वात मोठी चूक अगदी साधी होती. गाळा वाढवला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशोब जुन्या लांबीवरच राहिला. फेब्रुवारी १९०६ मध्ये लक्षात आले की खरे वजन अंदाजापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त आहे. तोवर कितीतरी पोलाद उभे राहिले होते. थांबायचे म्हणजे केलेले काम मोडून नव्याने सुरुवात. कूपर यांनी वाढीव ताण चालेल असे ठरवून पुढे जायला संमती दिली. इथे त्यांच्याबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. प्रकृतीमुळे १९०३ च्या मे महिन्यानंतर ते कामावर गेलेच नव्हते. न्यूयॉर्कच्या कार्यालयातून सगळे चालायचे. मानधन इतके थोडे की मदतीला पुरेशी माणसे ठेवणे शक्य नव्हते. हा माणूस लबाड नव्हता, पैशाचा लोभीही नव्हता. नैतिकतेच्या व्याख्यानात नेहमी लबाडांचीच उदाहरणे देतात. त्यामुळे आपण सगळे निर्धास्त घरी जातो.

कामावर कूपर यांचा प्रतिनिधी होता नॉर्मन मॅक्लूर, एक तरुण अभियंता. ऑगस्ट १९०७ च्या सुरुवातीपासून तो लिहीत होता की दाब घेणारे खालचे सदस्य, ज्यांना आपण बॉटम कॉर्ड म्हणतो, वाकलेले दिसत आहेत. फिनिक्स कंपनीचे म्हणणे, ते कारखान्यातूनच तसे आले असतील. २७ ऑगस्टला एक सदस्य मोजला तर तो सव्वादोन इंच वाकलेला. आठवड्यापूर्वी हाच आकडा पाऊण इंच होता. ज्याने कधी पुलाचे इन्स्पेक्शन केले आहे त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. वाकलेले असणे वेगळे आणि वाकत असणे वेगळे.

फोरमन बेंजामिन येन्सर याने काम पुढे न नेण्याचे ठरवले होते, पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सुरू झाले. काम थांबवले तर सगळ्यांच्या मनावर वाईट परिणाम होईल, माणसे निघून जातील आणि हंगाम वाया जाईल, असे होअर यांना वाटत होते, हे मॅक्लूरच्या पत्रात आहे. मग तोडगा काय, तर मॅक्लूरने रेल्वेने न्यूयॉर्कला जाऊन कूपर यांना विचारायचे! तो २९ ऑगस्टला सकाळी साडेअकराच्या सुमारास पोचला. कूपर यांना गांभीर्य तत्काळ कळले. सव्वाबाराला त्यांनी फिनिक्स कंपनीला तार केली की सर्व गोष्टींचा विचार होईपर्यंत पुलावर आणखी वजन चढवू नका. थेट क्यूबेकला मात्र तार गेली नाही. फिनिक्सच्या कार्यालयात ती दुपारी पोचली आणि मॅक्लूर येईपर्यंत तिच्यावर काही झाले नाही. संध्याकाळी पाचनंतर बैठक बसली आणि सकाळी बघू असे ठरले. जवळजवळ त्याच वेळी, कामाची सुट्टी व्हायच्या सुमारास, १९,००० टन पोलाद पंधरा सेकंदांत खाली आले. पुलावर ८६ माणसे होती, त्यांतली ७५ गेली. येन्सर त्यांत होता.

पुलावरच्या कोणाला पूल थांबवता आला असता? चौकशी आयोगाने १९०८ च्या अहवालात कूपर आणि फिनिक्सचे रचनाकार पीटर श्लाप्का यांच्या निर्णयातल्या चुकांवर ठपका ठेवला. पण कामाच्या जागी निर्णय घेऊ शकेल असा जाणकार कोणी नव्हता, हेही त्यातून स्पष्ट होते. ज्याला दिसत होते त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याला दिसत नव्हते.

मेरी पार्कर फॉलेट या बॉस्टनच्या बाईंनी १९२५ साली व्यवस्थापकांपुढे हुकूम देण्याच्या विषयावर व्याख्यान दिले. त्या अभियंता नव्हत्या, वस्त्यांमधल्या शाळांत संध्याकाळची केंद्रे चालवण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. त्यांचे म्हणणे असे की हुकूम माणसाने माणसाला द्यायचा नसतो; परिस्थिती काय सांगते ते दोघांनी मिळून ओळखायचे आणि दोघांनीही तिचे ऐकायचे. याला त्यांनी 'परिस्थितीचा कायदा' म्हटले. प्रशिक्षणात हे नाव क्वचितच ऐकू येते, पण माझ्या धंद्याला सर्वांत जवळचा सिद्धांत मला हाच वाटतो. कारण आपला कीमन रोज त्यावरच चालतो. हातात किल्ली आणि हातोडा घेऊन तो रूळ तपासत जातो. रूळ तुटलेला दिसला तर लाल झेंडी लावतो, रुळावर डिटोनेटर ठेवतो आणि राजधानी असली तरी थांबवतो. इंजिनिअरला विचारायला तो न्यूयॉर्कला जात नाही. गाडी थांबल्यावर खबर वर जाते. पगाराच्या यादीत तळाशी असलेल्या माणसाला हा अधिकार ज्यांनी नियमात लिहून दिला, त्यांना नेतृत्व कळले होते असे मी म्हणेन.

श्रायबर यांच्या मागणीचेही उत्तर आपल्याकडे आहे. रेल्वेच्या सुरक्षेची तपासणी करणारे अधिकारी १९४१ साली रेल्वे बोर्डाच्या ताब्यातून काढून घेतले गेले. आजचे रेल्वे सुरक्षा आयुक्त नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत असतात. रेल्वेचा तपासनीस विमानवाल्यांकडे, याची आपण चेष्टा करतो, पण ज्याचे काम तपासायचे त्याच्या हाताखाली तपासनीस नको, हा त्यामागचा विचार आहे. अरियलूरच्या अपघातानंतर १९५६ साली लालबहादूर शास्त्रींनी दिलेला राजीनामा सगळ्यांना पाठ असतो, आणि तो मोठाच होता. पण तो अपघातानंतरचा. आदल्या दिवशी काय करायचे ते असल्या रुक्ष तरतुदींत असते.

क्यूबेकचा पूल पुन्हा बांधला, पहिल्यापेक्षा कितीतरी जड. ११ सप्टेंबर १९१६ रोजी मधला तुकडा वर उचलताना नदीत पडला आणि आणखी १३ माणसे गेली. १९१७ साली त्यावरून गाडी धावली आणि आजही जगातला सर्वांत लांब कॅन्टिलिव्हर गाळा तोच आहे. कॅनडातले अभियंते १९२५ पासून शपथ घेऊन करंगळीत साधी लोखंडी अंगठी घालतात. पहिल्या अंगठ्या पडलेल्या पुलाच्या लोखंडाच्या होत्या असे सांगतात, ते मात्र खरे नाही.

मेलेल्या ७५ जणांपैकी ३३ जण काह्नवागे या एकाच गावचे मोहॉक आदिवासी होते, उंचावर लोखंड जोडण्यात वाकबगार. गावातल्या बायकांनी त्यानंतर आग्रह धरला की गावच्या सगळ्या पुरुषांनी एकाच कामावर जायचे नाही, वेगवेगळ्या ठिकाणी विखरून जायचे, असे सांगतात. त्या गावच्या कब्रस्तानात पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत.