बारापैकी नऊ जिंकले, तरी नोकरी गेली: अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या कोचची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे लोकलच्या गर्दीत हेडफोन घरी विसरले, त्यांच्यासाठी आजचा एपिसोड लिहून देतोय. निवांत वाचा.

तर झालं असं. माझा मामेभाऊ एमएस करायला अमेरिकेत गेला, नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहरात. पहिल्याच महिन्यात एका शनिवारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मागे बघतो तर सगळं गाव लाल. लाल टोप्या, लाल टी-शर्ट, आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत सगळे लाल. मी विचारलं, "अरे, कसली जत्रा आहे?" तो म्हणाला, "जत्रा कसली, आमच्या कॉलेजची मॅच आहे!"

अख्ख्या नेब्रास्काची लोकसंख्या साधारण २० लाख, म्हणजे आपल्या पुण्यापेक्षाही कमी. आणि विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये माणसं बसतात ८० हजारांच्या वर. १९६२ पासून घरच्या मैदानावरच्या प्रत्येक मॅचची तिकिटं संपली आहेत, असं विद्यापीठाची नोंद सांगते. भाऊ पुढे म्हणाला, "इथे एक कोच होता, बारापैकी नऊ मॅच जिंकला आणि त्याला काढून टाकलं. नंतर अजून एक आला, तोही बारापैकी नऊ जिंकला. त्यालाही काढलं."

मला वाटलं, हा काहीतरी फेकतोय. म्हणून शोधायला बसलो आणि दोन आठवडे त्यातच अडकलो. आजचा एपिसोड त्यातूनच निघालाय.

आधी एक खुलासा. हा आपला मेस्सीवाला फुटबॉल नाही. लांबट चेंडू, डोक्यावर हेल्मेट, हातात चेंडू घेऊन पळायचं, तो खेळ. कॉलेजचा नेहमीचा हंगाम साधारण १२ मॅचचा. आठवड्याला एक, तीही बहुतेक शनिवारी. हा १२ चा आकडा लक्षात ठेवा. वर्षभराच्या कामाचे फक्त १२ डेटा पॉइंट! त्यात एकदा पाऊस पडला, एकदा मुख्य खेळाडूचा गुडघा गेला, की वर्ष फिरलं.

सुरुवात करू १८६९ पासून. ६ नोव्हेंबरला न्यू जर्सीमध्ये रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन कॉलेजांची मॅच झाली. अमेरिकेतली पहिली कॉलेज फुटबॉल मॅच हीच मानतात. रटगर्स ६-४ जिंकलं. कोच? कोणीच नाही. मुलांनीच नियम ठरवले, मुलंच खेळली. नोकरी जायला आधी नोकरी असावी लागते ना!

आता या १९०५ मध्ये. हार्वर्ड विद्यापीठ येलकडून वारंवार हरत होतं आणि माजी विद्यार्थ्यांना ते सहन होत नव्हतं. त्यांनी बिल रीड नावाच्या आपल्याच एका जुन्या खेळाडूला कोच म्हणून आणलं. वय वर्षं २६. पगार ७,००० डॉलर. हार्वर्डच्या कुठल्याही प्राध्यापकाला तेवढा पगार नव्हता, आणि त्या पैशातला मोठा वाटा माजी विद्यार्थ्यांनी भरला होता. काम एकच: येलला हरवा. रीडने त्या हंगामाची रोजची डायरी लिहिली. ती पुढे छापली गेली. खेळाडूंचा अभ्यास, दुखापती, जेवण, झोप या सगळ्याची काळजी हा एकटा माणूस करतोय. १९०५ मध्ये तो येलकडून हरला. १९०६ मध्ये हार्वर्ड अख्ख्या हंगामात एकच मॅच हरलं, आणि ती येलविरुद्धच. झालं! रीडने कोचिंग सोडलं.

म्हणजे १२० वर्षांपूर्वीच सगळा ढाचा तयार होता. पैसे देणारा वर्गाबाहेरचा, कोचचं वय माझ्यापेक्षाही कमी, आणि सगळं वर्ष एका निकालावर तोललेलं.

दुसरा रस्ता नव्हता असं नाही. शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये अमोस अलोन्झो स्टॅग यांना नेमलं, तेही प्राध्यापकासारख्या कायम नोकरीवर. हरले म्हणून काढता येणार नाही! स्टॅग तिथे ४१ हंगाम राहिले. १९३२ मध्ये सत्तरीला पोचल्यावर वयाच्या नियमामुळे त्यांना जावं लागलं. पण कायम नोकरीची ही पद्धत काही रुजली नाही. आणि शिकागोने तर १९३९ मध्ये मोठ्या स्पर्धेतला फुटबॉलच बंद करून टाकला.

आता परत लिंकनला जाऊ, कारण आपली खरी गोष्ट तिथे आहे.

१९६२ मध्ये नेब्रास्कात बॉब डेव्हनी कोच म्हणून आले. त्याआधी काही वर्षं हा संघ जिंकायचा कमी आणि हरायचा जास्त. डेव्हनींनी चित्रच पालटलं. १९७० आणि १९७१, लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं. १९७३ मध्ये त्यांच्या जागी आले त्यांचेच सहायक, टॉम ऑस्बोर्न.

ऑस्बोर्न यांचा हिशोब ऐका. ओक्लाहोमा म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा प्रतिस्पर्धी. त्यांच्याविरुद्ध पहिली पाचही वर्षं ऑस्बोर्न हरले. सहाव्या वर्षी, १९७८ मध्ये, जिंकले. लोकांची कुरकुर इतकी होती की त्या वर्षी कोलोरॅडोने बोलावल्यावर जावं की काय, असा विचार त्यांनीही केला. पण राहिले. मग २ जानेवारी १९८४. ऑरेंज बोल, मायामीविरुद्ध. नेब्रास्का हंगामात एकही मॅच हरलेलं नव्हतं. एक मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता आणि स्कोअर होता ३०-३१. सोपी किक मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरीवर विजेतेपद मिळण्याची शक्यता मोठी होती. ऑस्बोर्न यांनी दोन गुणांचा डाव टाकला, जिंकण्यासाठीच. पास हुकला. मॅच गेली, विजेतेपद गेलं.

त्यांना कोणी काढलं नाही. पहिलं राष्ट्रीय विजेतेपद त्यांना १९९४ मध्ये मिळालं. कितव्या हंगामात? बाविसाव्या! मग १९९५ ला परत, १९९७ ला परत. आणि त्या २५ वर्षांत एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय नाहीत.

इथेच गोची झाली बघा. ऑस्बोर्न यांनी २५ वर्षं मेहनत करून 'नऊ विजय' ही गोष्ट इतकी सवयीची करून टाकली की लोकांना ती यश वाटेनाशी झाली. माझ्या ऑफिसातही हेच. गेल्या तिमाहीत रात्री जागून जे टार्गेट गाठलं, ते या तिमाहीत 'किमान अपेक्षा' म्हणून एक्सेल शीटच्या पहिल्या ओळीत बसलेलं असतं.

दुसरीकडे पैशाचा बांध फुटला होता. आधी कॉलेज फुटबॉलचं टीव्ही प्रक्षेपण एनसीएए ही कॉलेज खेळांची मध्यवर्ती संस्था ठरवायची: कोणाची मॅच दाखवायची, किती वेळा दाखवायची. जून १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या बाजूने निकाल दिला आणि ही मक्तेदारी मोडली. विद्यापीठं आपापले करार करायला मोकळी झाली. मॅच वाढल्या, चॅनेल वाढले, पैसा वाढला. आणि पैशासोबत डोळेही वाढले. २००२ मध्ये फ्लोरिडाने रॉन झूक यांना कोच नेमलं, तर त्यांनी एकही मॅच खेळवायच्या आधी त्यांना काढा म्हणणारी वेबसाइट तयार होती! २००४ मध्ये ते गेलेसुद्धा.

आता भावाची गोष्ट. ऑस्बोर्न यांच्यानंतर नेब्रास्कात आले फ्रँक सोलिच, तिथलेच जुने खेळाडू. सहा हंगामांत ५८ विजय, १९ पराभव. २००२ चं वर्ष वाईट गेलं, ७-७. पण २००३ मध्ये संघ सावरला, बारापैकी नऊ जिंकला. शेवटची मॅच जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी सोलिच यांना काढलं. वरच्यांचं म्हणणं असं की आम्हाला साधारण व्हायचं नाही.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, नवा कोच बिल कॅलहान. पाच विजय, सहा पराभव. १९६१ नंतर पहिल्यांदा नेब्रास्का जिंकण्यापेक्षा जास्त हरलं! कॅलहान २००७ मध्ये गेले. मग बो पेलिनी. सात हंगाम, आणि प्रत्येक हंगामात किमान नऊ विजय. माणूस तोंडाने फटकळ, चाहत्यांनाही शिव्या घालून मोकळा झालेला, हे खरं आहे. पण २०१४ मध्ये परत तेच: बारापैकी नऊ, आणि रवानगी. त्यांच्यानंतर माइक रायली, १९ विजय आणि १९ पराभव. मग १९९७ च्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक, घरचाच पोरगा स्कॉट फ्रॉस्ट: १६ विजय, ३१ पराभव. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं.

फ्रॉस्ट यांना काढलं ११ सप्टेंबर २०२२ रोजी. करारानुसार त्यांना सुमारे दीड कोटी डॉलर द्यावे लागणार होते. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर ही रक्कम निम्मी झाली असती. तीन आठवडे! पण तेवढाही धीर नव्हता.

याला म्हणतात बायआउट. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या कराराचे पैसे द्यायचे. हे आकडे इतके फुगले कसे? शाळेतली चांगली पोरं कुठल्या कॉलेजात खेळायचं ते ठरवत असतात. कोचच्या करारात एकच वर्ष उरलं असेल तर प्रतिस्पर्धी त्या पोरांच्या कानात सांगतो, "तो तर जाणारच आहे, तिकडे कशाला जाताय?" म्हणून विद्यापीठं करार सतत वाढवत राहतात, आणि हमीची रक्कमही वाढत जाते. २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एमने जिंबो फिशर यांना काढलं, तेव्हा देणं होतं साडेसात कोटी डॉलरांहून जास्त. काम न करण्याचे! सुरक्षिततेसाठी आणलेली हमी शेवटी काढण्याची किंमत ठरली, आणि श्रीमंत देणगीदार उभे असले की ती किंमत मोजलीही जाते.

म्हणून मी करोडपती कोचसाठी रडत नाहीये. त्यांचं बरं चाललंय. पण मुख्य कोच गेला की त्याच्यासोबत बहुतेक सहायकही जातात. त्यांचे करार छोटे, मुलांच्या शाळा बदलतात, दोन-तीन वर्षांनी परत नवं शहर. आणि अठरा वर्षांचा पोरगा ज्या माणसावर विश्वास ठेवून घर सोडून आला, तोच माणूस डिसेंबरात गायब. जुलै २०२१ पर्यंत तर या पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसेही घेता येत नव्हते. आता येतात, आणि संघ बदलणंही सोपं झालंय. ते चांगलंच झालं. पण त्यामुळे कोचला दरवर्षी नव्याने संघ बांधावा लागतो, आणि चाहत्यांना वाटतं, आता तर एका वर्षात सगळं दुरुस्त करता येईल.

२०२४ पासून राष्ट्रीय प्लेऑफमध्ये चाराऐवजी १२ संघ जातात. वाटेल की दडपण कमी झालं असेल. उलट झालं! आता प्रत्येक मोठ्या विद्यापीठाला वाटतं, किमान बारात तरी हवंच. पेन स्टेटचे जेम्स फ्रँकलिन जानेवारी २०२५ मध्ये उपांत्य फेरीत होते. पुढच्या हंगामात लागोपाठ तीन मॅच हरले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांना काढलं.

इंजिनिअर म्हणून मला एकच साधं गणित दिसतं. प्रत्येक मॅचमध्ये एक जिंकतो, एक हरतो. सगळ्यांच्या अपेक्षा एकदम वाढू शकतात, पगार वाढू शकतात, बायआउट वाढू शकतात. विजयांची एकूण संख्या मात्र वाढू शकत नाही. जी गोष्ट वाढणारच नाही तिच्यावर रोज जास्त बोली लावली, की कोणाची तरी मान जाणारच. कोच वाईट असो वा नसो.

जाता जाता लिंकनची ताजी खबर. आता तिथे मॅट रूल कोच आहेत. २०२४ च्या हंगामात नेब्रास्का आठ वर्षांनी हंगामानंतरच्या बोल सामन्यात पोचलं आणि जिंकलंही. भावाने फोटो पाठवले, सगळे नाचतायत. मी विचारलं, "एकूण किती जिंकले रे?"

"तेरापैकी सात," तो म्हणाला.

जिथे नऊला नोकरी गेली, तिथे सातला जल्लोष. ऑस्बोर्न यांना जो धीर २२ वर्षं मिळाला, तो कुठल्या करारात लिहिलेला नव्हता. म्हणूनच बहुतेक तो गेला तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तुमच्या कामात 'नऊ विजय' कधी 'साधारण' ठरले का? व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या भागात ऐकवू. तोपर्यंत, काळजी घ्या!