भावंडांचा जमाखर्च : सुएझ, १९५६

राष्ट्राराष्ट्रांच्या संबंधांविषयी बोलताना मुत्सद्द्यांना नात्यागोत्याची भाषा प्रिय असते. रूपक दिसले की ते पारखून घ्यावे, ही आम्हां साहित्याच्या अध्यापकांची सवय. मराठीने या बाबतीत एक मोलाचा शब्द घडवला आहे. 'भाऊबंद' म्हणजे नातलग. पण 'भाऊबंदकी' म्हणजे त्याच नात्यातून उद्भवणारा वाटणीचा तंटा. खाडिलकरांनी उत्तर पेशवाईतील गृहकलहावरील आपल्या नाटकाला हेच नाव दिले. ब्रिटन आणि अमेरिका या दोन लोकशाही मित्रराष्ट्रांचा युद्धोत्तर इतिहास वाचताना हा शब्द आम्हांला वारंवार आठवतो.

५ मार्च १९४६ रोजी चर्चिल यांनी अमेरिकेतील फुल्टन येथे भाषण केले. 'पोलादी पडद्या'मुळे ते भाषण सर्वांच्या स्मरणात राहिले; परंतु त्याचा गाभा होता तो इंग्रजी भाषक जनतेच्या बंधुभावाचा आणि 'विशेष संबंधां'चा. ज्यांची आई अमेरिकन होती, त्यांच्या तोंडी हे रूपक शोभूनही दिसले. मात्र त्याच वेळी अमेरिकी काँग्रेससमोर ब्रिटनला द्यावयाच्या कर्जाचा प्रस्ताव पडून होता. युद्धकाळातील उधार-उसनवारीची मदत ऑगस्ट १९४५ मध्ये एकाएकी थांबली होती. केन्स वॉशिंग्टनला गेले ते अनुदानाची किंवा निदान बिनव्याजी कर्जाची आशा बाळगून. मिळाले ते २ टक्के व्याजाचे ३७५ कोटी डॉलरचे कर्ज, आणि त्यासोबत पौंड डॉलरमध्ये मुक्तपणे बदलू देण्याची अट. सिनेटमध्ये कर्जाच्या बाजूने ४६ आणि विरुद्ध ३४ मते पडली. जुलै १९४७ मध्ये अट अमलात आली, आणि डॉलरची गंगाजळी इतक्या वेगाने आटली की ऑगस्टमध्येच ती स्थगित करावी लागली.

म्हणजे नात्याची भाषा आणि जमाखर्चाची वही प्रारंभापासूनच शेजारी शेजारी होत्या. त्यांतले अंतर जगाला दिसले ते दहा वर्षांनी.

२६ जुलै १९५६ रोजी नासेर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळील सेव्र येथे ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी गुप्त करार केला : इस्रायलने इजिप्तवर चाल करावी आणि मग उरलेल्या दोघांनी भांडण सोडवण्याच्या मिषाने कालव्यावर उतरावे. अमेरिकेला याचा पत्ता लागू दिला गेला नाही. २९ ऑक्टोबरला इस्रायलने हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी सुरक्षा परिषदेत ब्रिटनने आपला पहिलावहिला नकाराधिकार वापरला, तोही अमेरिकेच्या ठरावाविरुद्ध! ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले, आणि त्यांचा निषेध करू पाहणाऱ्या अमेरिकेची तिच्याच मित्रांनी पंचाईत करून ठेवली.

अमेरिकेने एकही गोळी झाडली नाही. जगभर पौंडाची विक्री सुरू झाली होती. कालवा बंद पडल्याने तेल अडले होते. सैन्यमाघारीची हमी मिळेपर्यंत आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे दार उघडणार नाही, एवढे वॉशिंग्टनने सूचित करणे पुरेसे ठरले. ६ नोव्हेंबरला ब्रिटनने युद्धबंदी मान्य केली. त्याच दिवशी अमेरिकेत अध्यक्षपदाचे मतदान चालू होते आणि आयझेनहॉवर 'शांतता' या शब्दावर मते मागत होते.

हा योगायोग अर्थपूर्ण आहे असे आम्हांस वाटते. समान मूल्ये असलेल्या लोकशाही राष्ट्रांची मैत्री आपोआप दृढ असते, हा समज सर्रास आढळतो. परंतु लोकशाही सरकार उत्तरदायी असते ते स्वतःच्या मतदारांना. मैत्रीला मतदार नसतात. सिनेटमधील ती ३४ मते आणि ६ नोव्हेंबरचे मतदान ब्रिटनच्या भल्यासाठी नव्हते, आणि असण्याचे कारणही नव्हते. उलट, ईडन यांनी ज्या मार्गाने मित्राला अंधारात ठेवले, त्याच मार्गाने स्वतःच्या संसदेलाही. इस्रायलच्या हल्ल्याची पूर्वकल्पना नव्हती, असे त्यांनी २० डिसेंबरला कॉमन्स सभागृहात सांगितले. ९ जानेवारी १९५७ रोजी त्यांनी राजीनामा दिला. घरच्या लोकशाहीशी केलेली प्रतारणा आणि मित्राशी केलेली प्रतारणा ही येथे एकच गोष्ट होती.

मग मैत्री तुटली का? नाही. ईडन यांच्या जागी मॅकमिलन आले. ब्रिटिशांनी नव्या रोमचे ग्रीक गुरू व्हावे, असे त्यांनी १९४३ मध्येच अल्जिअर्सला म्हटले होते. १९५८ मध्ये अण्वस्त्र सहकार्याचा करार झाला, आणि १९६२ मध्ये नासाऊ येथे ब्रिटनने अमेरिकेची पोलॅरिस क्षेपणास्त्रे स्वीकारली. फ्रान्सने त्याच सुएझवरून नेमका उलटा धडा घेतला : स्वतःचे अण्वस्त्र घडवले आणि १९६६ मध्ये नाटोच्या लष्करी रचनेतून अंग काढून घेतले. पण गुरूपदाच्या आशेत असलेला ब्रिटनही सर्वस्वी शिष्य बनला नाही. व्हिएतनामला सैन्य पाठवण्यास विल्सन यांनी अखेरपर्यंत नकार दिला.

१९४६ च्या त्या कर्जाचे हप्ते ब्रिटन फेडतच राहिला. सहा वेळा ते पुढे ढकलले गेले, त्यांतले एक वर्ष अर्थातच १९५६. शेवटचा हप्ता चुकता झाला २९ डिसेंबर २००६ रोजी. तोवर सोव्हिएत संघ नकाशावरून नाहीसा झाला होता आणि दोन्ही देशांचे सैन्य इराकमध्ये एकत्र लढत होते. भाऊबंदकीत वही जाळून टाकण्याची घाई असते. येथे ती साठ वर्षे नीट लिहिली गेली. हे नाते टिकले ते बंधुभावाच्या रूपकामुळे की या वहीमुळे, याचा विचार वाचकांनी जरूर करावा.