दोन व्यसने, एक खिडकी

नागायोशी नागाई हे आधुनिक जपानी रसायनशास्त्राच्या आद्य शिल्पकारांपैकी एक. दम्यावर वापरल्या जाणाऱ्या माहुआंग या चिनी वनस्पतीतून त्यांनी १८८५ मध्ये एफेड्रीन वेगळे केले आणि १८९३ मध्ये त्यापासून मेथॅम्फेटामाइन बनवले. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी ते स्फटिकरूपात आणले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत ‘पेर्विटिन’ आणि जपानमध्ये ‘फिलोपॉन’ या नावांनी ते सैनिकांना जागे ठेवण्यासाठी दिले गेले. युद्ध संपल्यावर उरलेला साठा जपानच्या बाजारात आला, व्यसन फैलावले आणि १९५१ मध्ये तेथे कडक कायदा करावा लागला.

कायदा झाला, पण उपचारांचे काय? हा प्रश्न सोडवायचा तर आपल्याला आधी दुसऱ्याच एका व्यसनाकडे वळावे लागेल.

न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वांडर या डॉक्टरांनी १९६४ मध्ये हेरॉइनच्या रुग्णांना रोज तोंडावाटे मेथॅडोन देऊन पाहिले. पुढच्या वर्षी २२ रुग्णांचा अनुभव त्यांनी प्रसिद्ध केला. यामागची कल्पना वर्गात सहज सांगता येण्याजोगी आहे. चेतापेशींवर ठरावीक प्रथिने असतात, त्यांना आपण कुलूप म्हणू. अफू, मॉर्फीन, हेरॉइन यांचे रेणू या कुलपात किल्लीसारखे बसतात. मेथॅडोनही त्याच कुलपात बसते, मात्र सावकाश चढते आणि दिवसभर टिकते. त्यामुळे रुग्णाची तडफड थांबते आणि तो कामावर जाऊ शकतो. नॅलोक्झोन हे दुसरे औषध त्याच कुलपात बसते पण ते फिरवत नाही. अतिमात्रेने श्वास मंदावलेल्या माणसाला ते काही मिनिटांत शुद्धीवर आणू शकते.

मेथॅम्फेटामाइनचा मार्ग निराळा आहे. चेतापेशीने सोडलेले डोपामाइन परत आत घेण्यासाठी तिला एक दार असते. मेथॅम्फेटामाइन त्याच दाराने आत शिरते आणि साठवलेले डोपामाइन बाहेर लोटते. येथे नेमकी बसणारी सौम्य किल्ली अजून कोणाला घडवता आलेली नाही. या व्यसनावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेले एकही औषध आजवर नाही. २०२१ मध्ये नॅल्ट्रेक्झोन आणि ब्युप्रोपिऑन यांच्या जोडीची चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात औषध मिळालेल्यांपैकी १३.६ टक्के रुग्णांना गुण आला, तर नुसती खोटी औषधे मिळालेल्यांपैकी २.५ टक्क्यांना. फरक खरा, पण तुटपुंजा.

अडचण अशी की माणसे औषधशास्त्राच्या पुस्तकातील प्रकरणांप्रमाणे वागत नाहीत. गेल्या दशकात अमेरिकेत फेंटॅनिल आणि मेथॅम्फेटामाइन दोन्ही घेणारे वाढत गेले. कोणी फेंटॅनिलची गुंगी उतरवायला मेथ घेतो, तर कोणी रस्त्यावर रात्र काढताना सामान चोरीला जाऊ नये म्हणून जागे राहायला. २०२१ मध्ये तेथे ज्या अतिमात्रा-मृत्यूंत मेथॅम्फेटामाइनसारखी उत्तेजके आढळली, त्यांची संख्या ३२,००० हून अधिक होती आणि त्यांतील बहुसंख्य मृत्यूंत अफूवर्गीय द्रव्यही होते.

असा माणूस मेथॅडोनच्या खिडकीशी गेला की काय होई? रोजची फेरी चुकवून काही मात्रा घरी न्यायची तर अलीकडे कोणतेही मादक द्रव्य घेतलेले नसावे, ही एक कसोटी होती. लघवीत मेथ आढळले की रोजची पायपीट पुन्हा सुरू. काही केंद्रे तर उपचारच थांबवत. म्हणजे ज्या रोगावर औषध नाही, त्यापायी औषध असलेल्या रोगाचाही उपचार तुटे! आमच्या मते यात वैद्यकशास्त्र कमी आणि शिक्षेची सवय अधिक होती. संघराज्याने २०२४ मध्ये हे नियम बरेच सैल केले.

मेथवर त्यातल्या त्यात सर्वांत उपयोगी ठरलेला उपचार गोळीचा नाहीच. व्हरमाँटमध्ये स्टीफन हिगिन्स यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी कोकेनच्या रुग्णांसाठी एक पद्धत बसवली. तपासणीत लघवी निर्दोष आली की रुग्णाला वस्तू घेता येतील अशी कुपने लगेच मिळत आणि सलग यश आले की त्यांची किंमत वाढत जाई. बक्षीस ताबडतोब मिळाले तरच वागणूक बदलते, हे शिक्षकांना काय सांगावे! पण ‘व्यसन सोडायला पैसे कशाला?’ हा आक्षेप आड आला. (मेथॅडोनलाही ‘एका नशेऐवजी दुसरी’ म्हणून नाके मुरडली गेली होती.) शिवाय रुग्णांना लाच देऊन ओढू नये म्हणून केलेले कायदे येथेही लागू होतील, अशी दवाखान्यांना धास्ती होती. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांनी २०११ मध्ये ही पद्धत स्वीकारली. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये गरिबांच्या आरोग्य योजनेतून ती सुरू केली आणि वर्षाला जास्तीत जास्त ५९९ डॉलर बक्षीस ठरवले. तेथे बक्षीस ठरते ते केवळ उत्तेजकांच्या तपासणीवरून. लघवीत फेंटॅनिल निघाले तरी कुपन रोखले जात नाही. मेथॅडोन घेणाऱ्यालाही दार उघडे असते.