जवानाच्या घरची अडचण : कंपनीतले साहेब काय करू शकतात?

सातारा जिल्ह्यात सैन्यात माणूस नाही असं गाव शोधावं लागेल. अपशिंगे गावाला तर लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखतात. पोरगा भरती झाला की आपण पेढे वाटतो, मिरवणूक काढतो. पण तो ड्युटीवर गेल्यावर घरात सून, म्हातारी माणसं आणि लहान पोरं राहतात. बांधाचं भांडण, दवाखाना, शाळा, बँक सगळं त्यांच्या अंगावर येतं. मग घरचे पुढाऱ्याकडे नाहीतर एजंटाकडे पळतात. खरं तर पहिला दरवाजा जवानाच्या कंपनीतच असतो.

साहेब म्हणजे कोण?

पायदळाच्या एका कंपनीत साधारण शंभर-सव्वाशे जवान असतात. त्यांच्या वर नायब सुभेदार, सुभेदार, आणि लेफ्टनंट, कॅप्टन किंवा मेजर. सुभेदार हा बहुतेक वेळा शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेला, आपल्यासारख्याच खेड्यातला. लेफ्टनंट मात्र बावीस-चोवीस वर्षांचा पोरगा असतो, बऱ्याचदा लग्न न झालेला. म्हणून घरगुती गोष्टीत हुशार लेफ्टनंट सुभेदाराला विचारून चालतो.

एक प्रश्न विचारला तर

शेजारच्या गावातली गोष्ट. जवानाच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण युनिटच्या कागदावर बायकोची नोंदच नव्हती. आधारवर माहेरचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचं. ‘पुढच्या सुट्टीत बघू’ म्हणत राहिलं. बाळंतपण खासगी दवाखान्यात झालं, खर्च खिशातून. सुट्टीवरून परत गेल्यावर सुभेदार साहेबांनी सहज विचारलं, ‘बायकोचं कार्ड झालं का?’ जवान गप्प. साहेबांनी त्याच दिवशी क्लार्ककडून कागदांची यादी लिहून घेतली. पुढच्या सुट्टीत आधार दुरुस्त झालं, मग पत्नी आणि बाळ दोघांचीही नोंद झाली. आपल्याकडे लग्नात नाव बदलायची रीत आहे, त्यामुळे हा घोळ घरोघरी आहे.

सुट्टीवर जाताना आणि परत आल्यावर जवानाला साहेबांसमोर उभं करतात ते यासाठीच. घरी कोण आजारी, कर्ज किती, कागद कोणते राहिले, हे तिथे विचारता येतं. विचारलं तर पुढची कामं होतात.

साहेबांच्या हातातल्या गोष्टी

१) पार्ट टू ऑर्डर : लग्न, मुलांचा जन्म, कुटुंबातला मृत्यू यांची नोंद युनिटमधून पार्ट टू ऑर्डरने होते आणि रेकॉर्ड ऑफिसला जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. पुढे कुटुंब पेन्शन याच नोंदीवर उभी राहते. साहेबांनी मागे लागून ती वेळेत करून घ्यायची.

२) वारसाचं नाव : लग्नाआधी विम्याला आईचं नाव लावलेलं असतं. लग्नानंतर आई आणि पत्नी यांचा हिस्सा किती, हे जवानाने जिवंतपणी लिहून द्यायला हवं. हे राहिलं की दुःखाच्या दिवसात सासू-सुनेचं भांडण लागतं. साहेबांनी लग्न झालेल्या प्रत्येकाला हे विचारावं.

३) कलेक्टरला पत्र : जमीन, रस्ता, धमकी अशा तक्रारीत युनिटकडून जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षकांना पत्र जातं. सही कमांडिंग ऑफिसरची असते, पण माहिती गोळा करून प्रकरण वर पाठवायचं काम कंपनीतल्या साहेबांचं. पत्राने निकाल लागत नाही, फाइल मात्र हलते.

४) कोर्टाची तारीख : सैनिकांच्या दाव्यांसाठी १९२५ सालचा कायदा आहे. युद्धासारख्या खास परिस्थितीत सेवेवर असलेला जवान हजर राहू शकत नसेल आणि त्याच्या वतीनेही कोणी नसेल, तर दिवाणी किंवा महसुली कोर्ट काम थांबवू शकतं. त्यासाठी दाखला युनिटमधून मिळतो. नोटीस आली की तिचा फोटो लगेच जवानाला पाठवा.

५) रजा : जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. ती कधी मिळेल हे ड्युटीवर ठरतं. बाळंतपण, ऑपरेशन आधी कळवलं तर साहेबांना बदली माणूस लावता येतो.

घरच्यांनी काय करायचं?

जवानाचा नंबर, रँक, युनिट, कंपनी आणि सुभेदार साहेबांचा फोन वहीत लिहून ठेवा. पूर्वी ‘आई सिरियस’ अशी तार जायची. २०१३ साली तार बंद झाली, आता फोन जातो. पण खोटा निरोप देऊ नका. एकदा खोटं सापडलं की खऱ्या वेळी साहेबांना शंका येते, आणि भोगावं आपल्याच पोराला लागतं.

लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत लगेच करा. आधार, दाखला आणि बँक पासबुकावर नाव एकच ठेवा. जवान सेवेत असेपर्यंत उपचार लष्करी दवाखान्यात, निवृत्तीनंतर ईसीएचएसमध्ये, हा फरक ध्यानात ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या, सेवेतल्या जवानाच्या घरच्यांनाही तिथे मदत मिळते. आणि पोरगा कुठे ड्युटीवर आहे हे व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका.

शेवटी सुट्टीवर आलेल्या सुभेदार साहेबांना आणि नव्या लेफ्टनंट पोरांना एवढंच सांगणं : बंदूक साफ आहे का, हे तुम्ही रोज बघता. तसं महिन्यातून एकदा ‘घरी सगळं ठीक आहे का?’ हेही विचारा. जवान ‘ठीक है साब’ म्हणेल. तेव्हा थोडं थांबा आणि परत एकदा विचारा.