'लातेब्रा' : दडण्याच्या जागेचा एक शब्द

प्रस्तुत लेखात 'लातेब्रा' या लॅटिन नामाच्या अर्थांतराचा विचार करावयाचा आहे. 'लातेरे' म्हणजे दडून असणे. या क्रियापदाला '-ब्रा' हा प्रत्यय लागून दडण्याच्या जागेचे हे नाम सिद्ध होते. इंग्रजीतील परिचित 'लेटंट' हा शब्दही याच कुळातला.

रोमन लेखनात हे नाम बहुधा अनेकवचनी येते, आणि ते आले की कोणीतरी कोणाच्या तरी मागावर असतो. इ.स.पू. ५४ मध्ये एब्युरोनीस जमातीचा राजा अँबिओरिक्स याने रोमन सैन्याचा मोठा संहार केला. पुढील वर्षी तो अवघ्या चार स्वारांनिशी राने आणि 'लातेब्रा' यांच्या आश्रयाने निसटत राहिला, असे सीझर 'गॅलिक युद्धा'च्या सहाव्या भागात सांगतो. तो हाती लागेना, तेव्हा सीझरने गावे जाळली, पिके नष्ट केली. आज दडून वाचलेले लोक सैन्य परतल्यावर उपासमारीने मरतील, हा हिशेब त्याने स्वतःच नमूद केला आहे. म्हणजे दडणाऱ्याची जागा आपल्याला कळते ती पाठलाग करणाऱ्याच्या लेखणीतून. अँबिओरिक्सने लिहिलेले काहीही मागे उरलेले नाही. व्हर्जिलच्या 'एनिड'मध्ये स्थिती उलटी आहे. लाकडी घोड्याच्या उदरातील लातेब्रा भोके पाडून तपासाव्यात, असे कॅपिस सुचवितो. तेथे दडलेलेच आक्रमक आहेत.

सिसेरोने इ.स.पू. ४४ मधील 'कर्तव्यांविषयी' या ग्रंथात या शब्दाला नैतिक अर्थ दिला. विश्वासघातकी माणसाला दिलेले वचन बंधनकारक नाही असे मानणारे लोक शपथभंगासाठी लातेब्रा तर शोधत नाहीत ना, अशी शंका तो घेतो. मराठीत आपण येथे 'पळवाट' म्हणू. मात्र पळवाट माणसाला बाहेर नेते, लातेब्रा त्याला आत घेते. अनुवादात हा फरक निसटतो.

इंग्रजीत हे नाम 'लॅटेब्रा' या रूपाने मुख्यतः भ्रूणशास्त्राची संज्ञा म्हणून उरले. पक्ष्याच्या अंड्यातील पिवळ्या बलकाच्या मध्यभागी फिकट बलकाचा सुरईसारखा भाग असतो. त्याची निमुळती मान वर बीजबिंबाच्या दिशेने जाते. अंडे उकडले तरी हा भाग उरलेल्या बलकाइतका घट्ट होत नाही. या लॅटेब्रामध्ये कोणी दडलेले नसते, कारण गर्भ वाढतो तो बलकाच्या पृष्ठभागावर. जागेचे नाव तेवढे इंग्रजीत आले. दडणारा आणि त्याला हुडकणारा, दोघेही लॅटिनमध्येच राहिले. कोंबडीच्या भ्रूणवाढीचा पाठ घेणारे आपले प्राणिशास्त्राचे सहकारी आणि सीझर शिकविणारे इतिहासाचे अध्यापक एकच शब्द हाताळतात, हे बहुधा दोघांच्याही ध्यानी येत नाही.